मागच्या सीटचं माप

आमच्या ह्यांनी निवृत्त झाल्यावर मोटरसायकल आणली तेव्हा मी चार दिवस त्यांच्याशी धड बोलले नव्हते. माणसं निवृत्त होतात, काशीला जातात, गुडघ्याला तेल चोळतात, सोसायटीच्या पाण्यावरून भांडतात. माझ्या नवऱ्यानं जन्मभर विम्याच्या कचेरीत बसून दुसऱ्यांच्या अपघातांचे कागद तपासले आणि साठीला येऊन स्वतःसाठी क्रूझर घेतली. लांबलचक, बुटकी, पाय पुढे सोडून आरामात बसायची गाडी. उभी असली तरी झोपल्यासारखी दिसायची. मी म्हटलं, हा म्हातारचळ आहे. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "असेल. पण चळ दोन सीटचा आहे."

आम्ही मूळचे सांगलीचे. ह्यांची बदली जयपूरला झाली, मग मुलीची शाळा मोडायला नको म्हणून राहिलो, मग मला इथल्या एका कॉलेजात गणित शिकवायची नोकरी लागली आणि परत जायचं राहूनच गेलं. प्रताप नगरात तळमजल्यावर घर घेतलं. मुलगी आता बेंगळुरूला असते आणि तिचं मराठी दर तिसऱ्या शब्दाला हिंदीच्या गल्लीत वळतं.

गाडी आली तशी रविवारची एक रीतच पडून गेली. सकाळी लवकर निघायचं, अख्खं शहर ओलांडून सीकर रोडला लागायचं आणि चौमूं गावापर्यंत जायचं. चौमूंत आमचं कोणी नाही, काही काम नाही. तिथे एका दुकानात मिरची वडा चांगला मिळतो, एवढंच. आधी पोटोबा. वडा खायचा, चहा प्यायचा, परत यायचं. मी जाताना धुळीबद्दल बोलायची आणि येताना उन्हाबद्दल. पण शनिवारी संध्याकाळीच मी उद्याची साडी काढून ठेवायची, त्यामुळे माझ्या बोलण्याकडे त्यांनी कधी लक्ष दिलं नाही.

मग माझा उजवा खुबा गेला. असाच, हळूहळू. आधी जिना नकोसा झाला, मग वर्गात उभं राहणं, मग रात्री कूस बदलणं. ऑपरेशन झालं, नवा सांधा बसवला. आमचे डॉक्टर नागपूरकडचे, इथे बरीच वर्षं आहेत. त्यांनी घरी सोडताना पथ्यं सांगितली: खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पाय पायावर टाकायचा नाही, गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. खुब्याशी काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही, असं ते हातानं दाखवून समजावू लागले तेव्हा मी म्हटलं, काटकोन मला येतो. मला वाटलं झालं, निघू. तेवढ्यात ह्यांनी विचारलं, मोटरसायकलवर मागे बसलेलं चालेल का.

डॉक्टर हसले नाहीत. जरा विचार करून म्हणाले, काही महिन्यांनी चालेल. सीट उंच हवी, पाय खाली सुटायला हवेत, पाठीला आधार हवा. आणि बसायचं ते दोन्हीकडे पाय टाकून. एका अंगानं बसलं की कंबर पिळली जाते, ते आता कायमचं बंद.

मी लग्न झाल्यापासून एका अंगानंच बसत आले. स्कूटरवर तशी, मोटरसायकलवर तशी. साडी गुडघ्याशी चापून धरायची, एक पाय पायटेकीवर, दुसरा हवेत. दोन्हीकडे पाय टाकून बसणं मला कधी कोणी मना केलं नव्हतं आणि कधी कोणी सुचवलंही नव्हतं. त्या दिवशी टॅक्सीतून घरी येताना मी मनाशी ठरवून टाकलं की हा अध्याय संपला.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. कुबडीवरून काठीवर आल्यावरही मी घरातला उंबरा बघून बघून ओलांडत होते. दोन चाकांवर बसायचं, वर कुणी मागून ठोकलं तर, हा विचार आला की तळहाताला घाम यायचा. पण भीती वाटते असं म्हणायची माझी पद्धत नाही. मी चिडून बोलते. मी त्यांना सांगितलं की ती गाडी विकून टाका, नाहीतर कॉलनीतली तरुण मुलं रविवारी फिरायला जातात त्यांच्याबरोबर जात जा. त्यांनी गाडीवर आवरण घातलं आणि ठेवून दिली. रविवार आला की ते पेपर घेऊन दाराच्या ओट्यावर बसायचे आणि बराच वेळ पान उलटायचे नाहीत. मला स्वयंपाकघरातून दिसायचं. प्रश्न एवढाच होता की मी पुन्हा त्या गाडीवर बसणार की नाही, आणि आम्ही दोघं तेवढा सोडून सगळ्या विषयांवर बोलत होतो.

एके दिवशी पार्सल आलं. त्यात मागच्या सीटवर घालायची हवेची गादी होती, रक्तदाबाच्या यंत्रासारखा फुगा दाबून फुगवायची. मी विचारलं, हे काय. ते म्हणाले, तुझ्यासाठी. मी म्हटलं, मी बसणार नाहीये. ते म्हणाले, बरं, आणि फुगा दाबत राहिले.

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं त्याला तोड नाही. ह्यांनी आयुष्यात स्वतःसाठी शर्ट घेताना दुकानात पाच मिनिटं घातली नसतील. आता ते सकाळ-संध्याकाळ मोबाइलवर लोकांचे व्हिडिओ बघत होते. कुणी केरळचा, कुणी पंजाबचा, सगळे आपापल्या बायकोच्या पाठीबद्दल बोलत होते. हवेच्या गादीनंतर जेलची गादी आली. ती जयपूरच्या उन्हात तापली की तव्यासारखी होते असं कुणीतरी लिहिलं होतं, ते वाचून ती परत गेली. मग लोकरीचं आवरण आलं. ते बघून मी विचारलं की ह्याला रोज अंघोळ घालायची का. मग पुढे मोठी काच लावायचं मनात आलं, म्हणजे मला वारा कमी लागेल. मी म्हटलं, लावा, आणि मीटरही लावा, स्टेशनला भाडी मारता येतील. काच रद्द झाली. हेल्मेटमध्ये घालून एकमेकांशी बोलायचं यंत्र निघालं तेव्हा मात्र मी हात जोडले. घरात बोलतो तेवढं पुरे आहे.

काही गोष्टी मात्र मला मुकाट्यानं आवडल्या. मागच्या पायटेकी काढून त्यांनी खाली आणि पुढे सरकवलेल्या, रुंद पाट्या बसवून घेतल्या. पाऊल पूर्ण टेकेल अशा. बाजूच्या चामडी पिशवीला दोन चाप लावून आणले. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, तुझी काठी. मी आत जाऊन कुकर लावला. मला रडू येईल असं वाटलं आणि ते त्यांना दिसायला नको होतं.

पण गाडी आता ओळखू येईना. पिशव्या, दांडे, चाप, रुंद पाट्या. नाकापेक्षा मोती जड. आणि इतकं करूनही मुख्य गोष्ट राहिलीच होती. पाठीची टेक. बाजारातल्या तयार टेका एकतर पाठीच्या मधोमध टोचायच्या, नाहीतर शोभेपुरत्या बुटक्या असायच्या. शेवटी कुणीतरी सांगितलं की मुरलीपुऱ्यात एक कारखाना आहे, तिथे माणसाला बसवून, माप घेऊन सीट आणि टेक बनवून देतात.

इथे मी पहिल्यांदा पाघळले. म्हटलं, माप द्यायला काय जातंय. रिक्षा करून मी गेले, ते गाडी घेऊन पुढे गेले. पत्र्याची शेड, एकीकडे फोमचे ढीग, दुसरीकडे पाइप वाकवायचं काम, आणि रेक्झिनचा वास. आठ-दहा माणसं आपापली गाडी घेऊन उभी होती, सगळे पुरुष. मला स्टूल दिलं, चहा दिला. आमचा नंबर आला तेव्हा गाडी मधल्या स्टँडवर उभी केली आणि मालक म्हणाले, "मैडमजी, जैसे रोज़ बैठते हो, बस वैसे ही बैठ जाओ।"

मी बसले. ह्यांनी हात दिला, मी स्टुलावर पाय ठेवून वर गेले, साडी गुडघ्याशी चापली आणि बसले. त्यांनी माझ्या कमरेपासून खांद्यापर्यंत माप घेतलं, गोलाई घेतली, तार वाकवून पाठीचा आकार घेतला. हे शेजारी उभं राहून बारीक लक्ष ठेवून होते. आधार अजून दोन बोटं वर हवा, इथे मऊ हवा, तिथे कडक हवा. मालकांनी सगळं लिहून घेतलं. आम्ही फार खुशीत परत आलो. वाटेत मी रिक्षावाल्याशीही घासाघीस केली नाही.

टेक तयार होऊन आली. ह्यांनी स्वतः जाऊन आणली, दारात गाडी उभी करून बसवली आणि मला हाक मारली. काम सुरेख होतं, ह्यात शंका नाही. तपकिरी रेक्झिन, दुहेरी शिलाई, मऊ आणि भरीव. फक्त ती सीटच्या मागे नव्हती. ती सीटच्या उजव्या बाजूला होती. कमरेच्या वरपर्यंत उंच, एखाद्या छोट्या सोफ्यासारखी गाडीच्या उजव्या अंगाला उभी.

मी तिच्याकडे बघत राहिले. मग मला कळलं. मी मुरलीपुऱ्यात एका अंगानं बसले होते. डाव्या बाजूला तोंड, उजव्या बाजूला पाठ. त्या माणसांनी जशी पाठ दिसली तशी टेक केली. डॉक्टरांचं बोलणं आम्हा दोघांना तोंडपाठ होतं. पायटेकी त्या हिशेबानं हलवल्या होत्या, सीट त्या हिशेबानं उंच करायची होती. आणि माप द्यायची वेळ आली तेव्हा मी जन्मभर बसले तशी बसले आणि ह्यांनी जन्मभर दिला तसा हात दिला. दोघांपैकी एकालाही काही चुकतंय असं वाटलं नाही. गणिताची बाई आणि विम्याचा साहेब.

मला हसू आलं. असं आलं की भिंतीला धरावं लागलं. हसता हसता मी म्हटलं, ह्याच्यावर छत घाला, अंबारी होईल. आणि मग माझं त्यांच्याकडे लक्ष गेलं. ते हसत नव्हते. दाराच्या ओट्यावर बसले होते, हातात पाना, आणि त्यांचा चेहरा उतरला होता. इतका उतरलेला चेहरा मी ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा बघितला नव्हता.

मी जवळ गेले तेव्हा ते म्हणाले की हे शेवटचं होतं, आता तू परत माप द्यायला येणार नाहीस, मला माहीत आहे. एवढंच. आवाज चढवला नाही, दोष दिला नाही. मला त्यांची इतकी माया आली की काय सांगू. हा माणूस एवढे महिने गाद्या फुगवत बसला होता आणि मी त्याच्यावर विनोद करत होते. मला गाडीवर बसायचं नाही हे मी त्याला रोज सांगत होते, आणि मला भीती वाटते हे एकदाही नाही. ते मी त्या ओट्यावर सांगितलं. पडायची भीती वाटते, पाय टाकताना सांधा निखळेल अशी भीती वाटते, आणि तुमच्यादेखत पडायची तर फारच. त्यांनी पाना खाली ठेवला. मग म्हणाले, पाय टाकायचा तेवढा आधी शिकू, गाडी कुठे पळून जात नाही.

रात्री मुलीला फोनवर सगळं सांगितलं. ती आधी खूप हसली. मग म्हणाली, "आई, मतलब तू कधीच नॉर्मल बसली नाहीस?" मी म्हटलं, तेच नॉर्मल होतं बाई. दुसऱ्या आठवड्यात तिनं मला दोन सलवार-कमीझ पाठवले. मी कॉलेजात, घरात, लग्नात, दवाखान्यात साडीच नेसत आले आहे. आरशात मी मलाच दुसरी कुणीतरी वाटले, जरा उंच.

आम्ही दारातल्या ओट्यावर सराव सुरू केला. ओटा सीटच्या जवळपास उंचीचा होता. गाडी त्याला लावून ते वर बसायचे, दोन्ही पाय जमिनीला घट्ट रोवून. मी ओट्यावर उभी राहायची, त्यांचा खांदा धरायची आणि चांगला पाय पलीकडे टाकायची. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपीच्या बाईंनी ते कसं करायचं ते दाखवलं होतं. पहिले काही दिवस मी नुसती पाय उचलून परत ठेवायची. समोरच्या घरातल्या शर्माजींच्या पत्नी दाणे निवडता निवडता बघत असायच्या आणि मला रोज विचारायच्या, आज हुआ क्या. एके दिवशी हुआ. मी पलीकडे पाय टाकला, बसले, आणि काही निखळलं नाही. त्या टाळ्या वाजवायला लागल्या आणि मला त्यांचा राग आला, कारण मला तो क्षण जरा शांतपणे हवा होता.

मुरलीपुऱ्याला परत गेलो. ह्या वेळी मी त्या पुरुषांच्या गर्दीत दोन्हीकडे पाय टाकून बसले आणि कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. उगाच इतकी वर्षं वाटत होतं की बघतील. टेक नव्यानं झाली, ह्या वेळी मागे. जुनी मालकांनी ठेवून घेतली, कुणालातरी चालेल म्हणाले. कुणाला चालेल ते मला अजून कळलेलं नाही.

आणि मग एका रविवारी, थंडी ओसरत आली होती तेव्हा, आम्ही निघालो. ओट्यावरून चढले. पाठ टेकवून बघितली. टेक नेमकी जिथे हवी तिथे होती. पाय पाट्यांवर सपाट, गुडघे खाली, खुब्यात काही नाही. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत मी श्वास धरून होते. मोठ्या रस्त्याला लागलो तसा सोडला. मला पहिल्यांदाच समोरचा रस्ता दिसत होता. इतकी वर्षं मी जयपूर फक्त डाव्या बाजूचं बघितलं होतं, दुकानं आणि भिंती. आता त्यांच्या खांद्यावरून सगळं समोरून येत होतं, सिग्नल, उंटगाडी, फुलांचे हारवाले, पोलीस. पूर्वी एका हातानं साडी सांभाळायची आणि दुसरा त्यांच्या खांद्यावर असायचा. आता साडीही नव्हती आणि धरायचीही गरज नव्हती. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून, घरातल्या खुर्चीत बसावं तशी बसले होते. फार सुख वाटत होतं आणि त्याहून जास्त, जमलं ह्याचा अभिमान.

ह्यांचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. दर थोड्या वेळानं गाडी हळू व्हायची. ठीक आहेस ना, विचारायचे. ठीक आहे म्हटलं की पुढे जायचे, परत हळू व्हायचे. आरसा त्यांनी इतका आत वळवला होता की त्यात रस्ता दिसत नव्हता, माझं हेल्मेट दिसत होतं. सीकर रोडला लागल्यावर मी चिडले. पुढे बघून चालवा, मागे बघून नव्हे, मी ठीक आहे, दहादा सांगितलं. त्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. मला वाटलं टेकीचा नट ढिला झाला.

ते मागे वळले नाहीत. हेल्मेटची काच वर केली आणि समोर बघतच म्हणाले, "हात ठेव ना."

मी म्हटलं, मला आता गरज नाही, टेक आहे, त्यासाठीच तर सगळं केलं.

"तुला नसेल. मला आहे." मग म्हणाले, "तू दवाखान्यात होतीस तेव्हा डबा आणायला मी गाडी काढायचो. मागे हात नसायचा. आजही नाही, म्हणून सारखं वाटतं, मागे कोणी नाहीये."

शेजारून ट्रक गेले, एक बस गेली. मी पाठ टेकीवरून उचलली, पुढे सरकले, आणि उजवा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. त्यांनी गाडी सुरू केली, हात लांब करून आरसा रस्त्याकडे वळवला, आणि त्यानंतर एकदाही मला ठीक आहेस का म्हणून विचारलं नाही.